वाटेंतला मुक्काम

प्रवासास निघावें आणि ठरल्या ठिकाणीं न पोहोंचतां परत यावें, असें आमच्या घराण्यांत पूर्वीं कधीं घडलेलें नाहीं. आमचे तीर्थरूप अंगांत ताप असतांनाही काशीस पोहोंचले होते, आणि ही गोष्ट त्यांनीं आम्हांस इतक्या वेळां ऐकविली होती कीं, अर्ध्या वाटेवरून परतणें म्हणजे कुळाला बट्टा लावणें, असेंच आम्ही समजत आलों. तेव्हां २०२४ सालच्या जून महिन्याच्या अखेरीस मनालीहून लेहला जावयास निघालेले आम्ही सरचूहूनच कां माघारीं फिरलों, याचा खुलासा येणाऱ्याजाणाऱ्यांपाशीं वेगवेगळा करून थकल्यावर तो एकदां लिहूनच टाकावा असें ठरविलें.

तंबूंत राहण्याची हौस आमच्या घरीं जुनी आहे. चिरंजीव तिसऱ्या इयत्तेंत असतांना भंडारदऱ्याच्या जलाशयाकांठीं आम्हीं पहिली राहुटी उभारली, व ती त्याच रात्रीं वाऱ्यानें उचलून नेली. तेव्हांपासून मेखा किती तिरप्या ठोकाव्या, तणावे किती ताणावे, उतारावर निजतांना उशी कोणत्या अंगास घ्यावी, हें शास्त्र आम्ही अनुभवानें शिकलों. सौभाग्यवती या खटाटोपास हंसतात. पण माळ्यावरून तंबूची पिशवी खालीं आली कीं सामानाची यादी करावयास प्रथम त्याच बसतात. मनाली-लेहच्या रस्त्याकडेला मुक्काम करीत जावयाचें, हा बेत मात्र सर्वस्वीं चिरंजीवांचा. ते आतां वीस वर्षांचे असून राजगड, हरिश्चंद्रगड आणि कळसूबाई हीं त्यांचीं माहेरघरें आहेत.

हा रस्ता सव्वाचारशें किलोमीटरांहून थोडा अधिक भरतो. हिवाळ्यांत त्याचा वरचा भाग बर्फाखालीं गाडला जातो आणि दर वर्षीं सीमा रस्ते संघटनेचे लोक तो अक्षरशः उकरून काढतात. पूर्वीं या वाटेवर पहिली गांठ रोहतांग खिंडीशीं पडे. ती तेरा हजार फुटांवर. गाड्यांच्या रांगेंत तासन् तास जात आणि प्रवाशास उंचीची ओळख नाइलाजानें का होईना, पण होत असे. ३ ऑक्टोबर २०२० रोजीं खिंडीच्या पोटांतून जाणारा ९ किलोमीटरांचा अटल बोगदा खुला झाला, आणि मनालीस चहा घेऊन निघालेला मनुष्य दुपारच्या जेवणाला लाहूलांत पोहोंचूं लागला. सोय मोठीच झाली. परंतु विरळ हवेची संवय होण्यास देहाला जो वेळ लागतो, तो कांहीं बोगद्यानें कमी केला नाहीं. हें शहाणपण अर्थात् आम्हांस मागाहून सुचलेलें आहे.

बोगद्याच्या अलीकडे देवदार, धुकें आणि संततधार. पलीकडे स्वच्छ ऊन, उघडे डोंगर आणि पाटाच्या पाण्यावर पोसलेलीं बटाट्याचीं व वाटाण्याचीं शेतें. महाबळेश्वराच्या पावसांतून निघून माणदेशांत उतरावें, तसा हा पालट. तांदी येथें चंद्रा आणि भागा या दोन नद्यांचा संगम आहे. येथून पुढें तिचें नांव चंद्रभागा, आणि सपाटीवर तिलाच चिनाब म्हणतात. सौभाग्यवतींनीं गाडी थांबवून हात जोडले. ही ती नव्हे. पंढरपूरची नदी म्हणजे भीमा, ती तेथें चंद्रकोरीसारखी वळते म्हणून तिला तें नांव, असें आम्ही समजावूं लागलों.

“नांव तर तेंच ना?” त्या म्हणाल्या, आणि प्रश्न मिटला.

पहिले दोन मुक्काम जिस्पा येथें भागेच्या कांठीं केले. हें गांव साडेदहा हजार फुटांवर आहे. नदीच्या पात्रांतील सपाट गोट्यांवर तंबू ठोकण्याचा मोह येथें कोणासही पडेल; पण तो आवरावा. दिवसाच्या उन्हानें वर वितळलेलें बर्फाचें पाणी संध्याकाळीं खालीं पोहोंचतें आणि सकाळची कोरडी जागा रात्रीं पात्रांत जमा होते. आम्हीं पात्रापासून दोन पुरुष उंचावर, वाळुंजाच्या झाडांमागें, दरडीच्या पायथ्यापासून दूर अशी जागा निवडली, आणि या निवडीबद्दल आम्हांस आजही अभिमान आहे. तेथील रात्र विसरण्यासारखी नाहीं. नदीचा आवाज एकसारखा नसतो. पाण्याच्या घोषाखालीं मधूनमधून एक खोल गडगडाट ऐकूं येतो. ते पाण्याबरोबर तळाशीं लोळत जाणारे धोंडे. प्रथम मेघगर्जना वाटून आम्हीं तीनदां तंबूबाहेर डोकें काढलें. वर तर ढगाचा ठिपका नव्हता, आणि नक्षत्रें इतकीं दाट कीं ओळखीचे सप्तर्षिही शोधावे लागले.

आमचा गाडीवान लाहूलचाच. मितभाषी व पन्नाशीच्या पुढचा. दुसऱ्या रात्रीं जेवण झाल्यावर त्यानें सुचविलें कीं, उद्यां येथेंच राहावें, हवें तर दिवसा वर जाऊन खालीं यावें, आणि सरचूस शक्य तों निजूंच नये. सरचू चौदा हजार फुटांवर आहे. दहा हजार फुटांच्या वर गेल्यावर निजण्याची जागा एका रात्रींत सोळाशें फुटांहून अधिक चढवूं नये, हा वैद्यकांतला नियम आमच्या वहींत आमच्याच अक्षरांत लिहिलेला होता. येथें तर एकदम साडेतीन हजारांची उडी. पण लेह येथील खोलीचे पैसे आगाऊ भरलेले, तेथून परतीच्या विमानाचीं तिकिटें काढलेलीं, आणि एक दिवस वाढविला कीं सगळाच हिशेब विसकटणार. वहींतला नियम इतरांसाठीं असतो. आम्हीं गाडीवानास सांगितलें कीं, आमची मंडळी डोंगर चढण्यांत मुरलेली आहेत. त्यानें मान हलविली व तो निजावयास गेला.

दुसरा दिवस फार सुंदर गेला, हें कबूल केलें पाहिजे. दारचा मागें टाकून झिंगझिंगबारवरून वर जातांना झाडें संपतात, मग गवत संपतें, आणि मग नुसता खडकांचा रंग उरतो: जांभळा, गेरवा, राखी. खिंडीच्या किंचित् खालीं सूरजताल लागतो. भागा नदी येथें जन्मते. त्याच्या कडेचें बर्फ अजून पुरतें सुटलें नव्हतें. बारालाचाची खिंड सोळा हजार फुटांवर. तेथें चिरंजीव बर्फांत धांवले, गोळे करून आम्हां उभयतांस मारले, आणि नंतर बराच वेळ गुडघ्यांवर हात टेकून उभे राहिले. आम्हांस तेव्हां गंमत वाटली.

सरचू म्हणजे हिमाचल व लडाख यांच्या सीमेवरचें विस्तीर्ण मैदान. झाड नाहीं, आडोसा नाहीं. बाजूला त्सराप नदीनें खोल कापलेला दरा, आणि दुपारनंतर सुटणारा वारा. तंबू उभा करावयास एरव्हीं पंधरा मिनिटें लागतात. येथें पाऊण तास लागला, कारण दर दोन मेखांगणिक बसावें लागे. या उंचीवर हवेचा दाब समुद्रकांठच्या अवघा तीनपंचमांश असतो. पाणी ८६ अंशांच्या सुमारास उकळूं लागतें, त्यामुळें उघड्या भांड्यांतली डाळ उकळत राहते पण शिजत नाहीं. कुकर जिस्पाच्या मुक्कामांत शिटी हरवून बसला होता. तासाभरानें सौभाग्यवतींनीं वरण सोडून दिलें आणि पिठलें केलें.

चिरंजीव जेवले नाहींत. पिठल्याला नाहीं म्हणण्याचा त्यांच्या आयुष्यांतला हा पहिला प्रसंग. “दमलोंय, बाबा,” एवढेंच ते म्हणाले. आम्हांसही तें पटलें. खरें सांगावयाचें तर, पटवून घेणें सोयीचें होतें.

अकरा वाजतां त्याला पहिली वांती झाली. डोकें फुटेल असें तो म्हणत होता. आम्हीं गोळी दिली, पाणी दिलें. दोन वाजतां तो बाहेर जावयास उठला तों तणाव्याला अडखळून पडला. अंधारांत कोणीही पडेल. पण उठून चार पावलें जातो तों सपाट जमिनीवर पुन्हा पडला. तेव्हां त्याच्या आईनें विजेरी घेतली, एक दोरी जमिनीवर सरळ ताणली आणि त्याला तिच्यावरून पावलाला पाऊल लावून चालावयास सांगितलें. ती वही त्यांनींही वाचली होती. मुलगा तीन पावलेंही नीट टाकूं शकला नाहीं. दारू प्यालेल्या माणसासारखा तो एका अंगाला झुकला.

उजाडेपर्यंत थांबावें, असें आम्ही म्हणालों.

“तुम्हींच लिहिलें आहे ना, तोल गेला तर ताबडतोब उतरावें म्हणून? मग आतां वाट कशाची पाहतां?” त्या म्हणाल्या.

तेव्हां आम्हीं नकाशा उघडला, आणि ज्या जागीं मुक्काम केला तिचें खरें स्वरूप आमच्या लक्षांत आलें. पुढें गाटा येथील एकवीस वळणें, नंतर दोन खिंडी, त्यांतली लाचुलुंग साडेसोळा हजारांच्या वर. त्यापुढचें पांग सरचूहूनही उंच. टांगलांग ओलांडून सिंधूच्या खोऱ्यांत उतरेपर्यंत त्या बाजूला कोठेंच उतार नव्हता. मागें फिरावें तर बारालाचा पुन्हा चढावा लागणार होता. पण एकदांच, आणि त्यानंतर केवळ उतरण. सरचूच्या दोन्हीं दारांना असा उंबरठा आहे. मुलाला खालीं नेण्यासाठीं त्याला आधीं दोन हजार फूट वर न्यावयाचें होतें.

गाडीवानाला हांक मारावयास गेलों, तर तो जागाच होता आणि गाडीची कांच पुसत होता. आदल्या रात्रीच्या बोलण्याचा त्यानें चकार शब्दानें उल्लेख केला नाहीं. शेजारीं प्रवाशांसाठीं तंबू भाड्यानें देणारे एक गृहस्थ होते. त्यांनीं प्राणवायूचें नळकांडें दिलें आणि पुढें केलेले पैसे परत खिशांत घालावयास लावले. आमचा तंबू उभाच सोडून साडेतीन वाजतां आम्ही निघालों. रस्त्यावरून वाहणारे जे ओहोळ दुपारीं गुडघाभर होते ते थंडीनें आटले होते. तेवढें एक दैव आमच्या बाजूस होतें.

वाटेंत त्याला गुंगींत जाऊं देऊं नये म्हणून त्याची आई त्याला बाराचा पाढा म्हणावयास लावीत होती. बारालाचाच्या माथ्यावर, तांबडें फुटत असतां, तो “बारा सत्ते” येथें अडला. पुन्हा म्हणविलें, पुन्हा तेथेंच अडला. पुढच्या आसनावर बसून तो पाढा ऐकतांना आमची काय अवस्था झाली, हें लिहितां येत नाहीं. खिंड मागें पडली, सूरजताल मागें पडला, झिंगझिंगबार गेलें. नंतर पुष्कळ वेळ कोणी बोललें नाहीं. दारचाचा पूल दिसूं लागला तेव्हां मागून आवाज आला, “चौऱ्याऐंशीं. आणि आई, मला पाढे नको ना विचारूं सारखे.”

त्याच्या आईनें तोंडावर पदर घेतला.

केलांग येथील रुग्णालयांत दोन दिवस गेले. मेंदूला सूज येऊं लागली होती असें डॉक्टरांनीं सांगितलें. आणखीही कांहीं सांगितलें, तें येथें लिहीत नाहीं. धडधाकट व तरुण असणें हें या दुखण्यावर कवच नव्हे. उलट अशीं माणसें चढतातही भरभर आणि लपवितातही अधिक, असें त्यांचें म्हणणें पडलें. आमच्या पन्नाशीपुढच्या सौभाग्यवतींचें डोकेंसुद्धां दुखलें नव्हतें.

त्यानंतर चार दिवस आम्ही जिस्पासच एका शेतकऱ्याच्या घरीं राहिलों. लेहच्या खोलीचे पैसे बुडाले, विमान आम्हांवांचून उडालें. चिरंजीव अंगणांत बसून वाटाणे सोलीत आणि सोललेल्यांपैकीं निम्मे खात. तिसऱ्या दिवशीं सरचूकडून आलेल्या एका मालमोटारीनें आमचा तंबू आणून दिला. इतकी नेटकी घडी तंबूची आम्हांस कधींच साधली नव्हती.

परततांना तांदीच्या संगमावर सौभाग्यवतींनीं एका तांब्यांत पाणी भरून घेतलें. या वेळीं आम्हीं भूगोल काढला नाहीं. घरीं आल्यावर त्यांनीं तो तांब्या आत्याबाईंसमोर ठेवला आणि चंद्रभागेचें पाणी म्हणून सांगितलें. आत्याबाईंचें वय नव्वदीच्या घरांत. लेह, लडाख हीं नांवें त्यांच्या कानीं नीटशीं पडलींच नव्हतीं. त्यांनीं पाणी डोळ्यांस लावलें आणि आमच्याकडे वळून विचारलें,

“मेल्यांनो, पंढरपूरला जाऊन आलांत, आणि मला नाहीं नेलेंत?”