तिला आधी सांग

आरमोरी
कोजागिरीनंतरचा रविवार

चि. बापूस,


तुझं पत्र मिळालं. हे फोनवर बोलण्यासारखं नव्हतंच. तुझे मामा बांधीत धान बघायला गेलेत, घरात मी एकटीच आहे, तोवर लिहून काढते.

ब्रह्मपुरीची ती मुलगी तुला आवडते, तिलाही तू आवडतोस. तू दारूपायी उपचार घेऊन आलास हे तिला माहीत नाही. आता सांगू, की लग्न ठरल्यावर सांगू, हा तुझा एक प्रश्न. आणि शेवटी बारीक अक्षरात दुसरा, की माझ्यासारख्यानं कुणाच्या पोरीला घरी आणावं तरी का. पहिल्याचं उत्तर एका ओळीत देते: आधी सांग. दुसऱ्यासाठी जरा बसावं लागेल.

आपल्या गडचिरोली जिल्ह्यात 1993 पासून दारूबंदी आहे. ती लोकांनी, त्यातही बायकांनी, भांडून मिळवलेली आहे आणि मी तिच्या बाजूचीच आहे. नाल्याकाठी पुरलेला मोहाचा सडवा गावच्या बायकांसोबत मीही उलथून दिलाय. पण बंदीतल्या पिणाऱ्याला एक जास्तीचं दुखणं असतं. बाहेरचा माणूस पितो, आपल्याकडचा चोरून पितो. तुझे मामा वैनगंगेचा पूल ओलांडून तिकडे चंद्रपूर जिल्ह्यात जायचे. कधी खत आणायला, कधी कुणाच्या मयतीला. 2015 च्या एप्रिलात तिथेही बंदी आली, मग आडवाटा बदलल्या. 2021 मध्ये तिकडची बंदी उठली. तोवर मामांची सुटली होती म्हणून बरं, नाहीतर पूल होताच. आणि लपवायचं काम एकट्या मामांकडे नव्हतं. सासूबाई दारात आलेल्याला 'ताप आहे, झोपलाय' म्हणून सांगायच्या. पोरं वर्गातल्या कुणाला घरी आणत नसत. पिणारा एक असतो, झाकणारे चार.

औषधातसुद्धा हा लपवालपवीचा रोग शिरलाय. 'पिणाऱ्याला न कळता दारू सोडवा' अशा जाहिराती तू वाचल्या असशील. शेजारच्या एका बाईनं मला वरणात घालायची गोळी सुचवली होती. डायसल्फिराम नावाचं औषध असतं. ते पोटात असताना दारू घेतली तर उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो, प्रसंगी जीवावर बेततं. म्हणून ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि पिणाऱ्याला सांगूनच द्यायचं असतं. मी ती गोळी घेतली नाही. शहाणपणानं नव्हे, भीतीनं.

पुढे मुक्तिपथ या दारूमुक्तीच्या मोहिमेचं काम सुरू झालं. डॉ. अभय बंग आणि राणी बंग यांची सर्च संस्था, सरकार आणि टाटा ट्रस्ट यांनी मिळून 2016 मध्ये ते हाती घेतलं. आपल्या तालुक्याच्या क्लिनिकात मामा गेले तेव्हा तिथल्या माणसानं पहिली गोष्ट विचारली ती रोज किती घेता ही. का घेता ही नव्हे. रोज भरपूर पिणाऱ्यानं एकदम थांबवलं तर दोन-तीन दिवसांत हात थरथरतात, भास होतात, झटके येऊ शकतात. खाटेला बांधून दारू सोडवणाऱ्या आपल्या गावठी शूरांना हे कुणी सांगावं! मामांना आधी औषधं मिळाली, बोलणं नंतर.

दारू सुटली. घर मात्र लगेच बदललं नाही. संध्याकाळी मामा दारात आले की मी पाण्याचा गडवा द्यायच्या निमित्तानं जवळ जायची आणि तोंडाचा वास घ्यायची. त्यांना कळत होतं. ते काही न बोलता मान थोडी पुढे करायचे, चौकीत हजेरी लावायला आल्यासारखे. पुढे मी ते कधी बंद केलं, मला आठवत नाही. एकदा त्यांनीच विचारलं, 'आजकाल वास नाही घेत?' आम्ही दोघंही हसलो. बापू, लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर त्या दिवशी मला हा माणूस आवडला. दारू सोडली म्हणून नव्हे. त्यानं ते उघड विचारलं म्हणून.

आता तुझ्या त्या 'माझ्यासारख्यानं'बद्दल. मामाही सुरुवातीला असंच बोलायचे. शिबिरात उभं राहून मी नालायक, मी घर बुडवलं, असं मोठ्यानं सांगायचे. लोक टाळ्या वाजवायचे, मला राग यायचा. स्वतःला शिव्या देत बसणं ही फार सोयीची जागा आहे. पश्चात्तापात बुडालेल्या माणसाला रेशनच्या रांगेत कोण उभं करणार? तू प्यायलास, आईची पाटली गहाण टाकलीस, ते खरं. तू ती सोडवून आणलीस, हेही खरं. दोन्ही तूच आहेस. एकाला पुढे करून दुसऱ्याला झाकलंस, तर ती जुनीच सवय झाली.

पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राची एक रीत मला फार पटते. डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी 1986 मध्ये ते काढलं, पु. ल. आणि सुनीताबाईंनी त्यासाठी लाख रुपये दिले. तिथे बरे झालेलेच पुढे समुपदेशक होतात, आणि पेशंटच्या बायकांसाठी 'सहचरी' नावाचा वेगळा गट असतो. बायकोला तिथे शिपाई म्हणून बसवत नाहीत, तीही दुखावलेली आहे असं धरून चालतात. तू हे लक्षात ठेव. त्या मुलीला तुझी राखणदार करायला नेऊ नकोस. 'तू असशील तर मी पिणार नाही' हे नाटकातलं वाक्य आहे. वडशाच्या नाटक कंपन्यांना शोभतं, तिथे शिट्ट्याही पडतात. तुला नाही शोभत. उद्या तुमचं भांडण झालं तर काय करशील?

अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसवाले पहिल्या वर्षात नवं नातं जोडू नका म्हणतात. त्यांच्या बारा पायऱ्यांत ते कुठे लिहिलेलं नाही, अनुभवातून आलेलं आहे. तुझं ते वर्ष कधीच सरलंय, तेव्हा तो बहाणा तुला मिळणार नाही.

सांगताना गोष्ट रंगवू नकोस. काय प्यायचास, किती वर्षं, उपचार कुठे झाले, अजून तलफ येते का, आली की काय करतोस, एवढं. पुन्हा घसरू शकतो हेही सांग; या आजारात ते होतं. मग तिला वेळ दे. ती कदाचित नाही म्हणेल, तिचे वडील तर नक्की आधी नाहीच म्हणतील. त्यांचा राग धरू नकोस, मीही माझ्या पोरीसाठी दहा ठिकाणी चौकशी केली होती. नाही म्हणाली, तर त्या संध्याकाळी खोलीवर एकटा बसू नकोस, शेवटची बस धरून इकडे ये. हो म्हणाली, तर दिवाळीनंतर तिला घेऊन ये. मामांना तिच्याशी बोलायचंय, मी त्यांना सगळं सांगितलंय. तुला विचारलं नाही, पण आता या घरात असंच चालतं.

आणि एक. मागच्या खेपेला तुझ्या शर्टाच्या खिशात तंबाखूच्या खर्ऱ्याची पन्नी होती. मी कपडे धुवायला घेतले तेव्हा सापडली. पत्रात त्याबद्दल एक अक्षर नाही. तेही तिला सांगणार आहेस ना?

तुझी,
मामी