खुर्च्यांची मांडणी

१९७५ साली महाराष्ट्रात एक चमत्कारिक योग आला. जुन्या पद्धतीची अकरावीची शेवटची शालान्त परीक्षा आणि नव्या पद्धतीची दहावीची पहिली, या दोन्ही एकाच वर्षी झाल्या. त्यामुळे मुलुंडच्या आमच्या शाळेतून त्या वर्षी एकाऐवजी दोन वर्ग बाहेर पडले. त्यास २०२५ साली पन्नास वर्षे झाली. दोन्ही वर्गांनी मिळून स्नेहसंमेलन करावे असे ठरले आणि सभागृहाच्या मांडणीचे काम आमच्या वाट्यास आले.

खुर्च्या मांडण्यात विचार करण्यासारखे ते काय, असे वाचकांस वाटेल. २००० साली आम्हांसही तसेच वाटले होते. त्या वर्षीच्या मेळाव्यात आम्ही व्यासपीठासमोर सरळ ओळी मांडल्या आणि पुढच्या दोन ओळी डॉक्टर, इंजिनियर व अधिकारी झालेल्या मंडळींसाठी राखल्या. शाळेत पाच वर्षे आमच्याच बाकावर बसलेला एक मित्र त्या दिवशी आला, तो मागे दाराजवळ बसला. शास्त्री मार्गावरील, म्हणजे जुन्या आग्रा रोडवरील, त्याचा कारखाना नुकताच बंद पडला होता. भाषणे लांबली. जेवणाच्या वेळी आम्ही व्यासपीठावरून उतरून पाहतो तो त्याची खुर्ची रिकामी! त्याने तक्रार केली नाही. मात्र पुढे कोणत्याही भेटीस तो आला नाही. हा दोष सर्वस्वी आमचा होता.

यंदा मात्र आम्ही कागद घेऊन बसलो. सभागृह ४० फूट लांब, ३० फूट रुंद, मंडळी ४२. सूनबाई म्हणाल्या, "बाबा, ओळी नकोतच. गोल टेबले मांडा." नातवाने हिशेब केला. पाच फुटी टेबलाभोवती सात जण ऐसपैस बसतात आणि खुर्च्या मागे सरकविल्या म्हणजे त्यास सुमारे ११ फूट जागा लागते. तीन-तीन टेबलांच्या दोन रांगा केल्यास ३३ फूट लांबी व २२ फूट रुंदी व्यापते. राहिलेली आठ फुटांची पट्टी वाढपासाठी पुरते. टेबलांऐवजी सारिपाटाच्या सोंगट्या कागदावर मांडून पाहिल्या. सर्व जमले.

आमच्या मातुःश्री ८८ वर्षांच्या आहेत. त्यांनी तो कागद पाहिला आणि म्हणाल्या, "पंगतीला मानाचे पान असते, वाटोळ्याला नसते, हे खरे. पण टेबले सहा आहेत ना? त्यांतले मानाचे कोणते, ते तुम्ही ठरवालच."

आम्ही निरुत्तर झालो! मग व्यासपीठच काढून टाकले. दोन्ही वर्गांच्या नावांच्या चिठ्ठ्या मिसळून टेबले वाटली. गुडघे दुखणाऱ्यांसाठी हातांच्या खुर्च्या ठेवल्या. ज्यांस कमी ऐकू येते त्यांच्यासाठी कर्णा व पंखा यांपासून दूरचे टेबल राखले. ताटली हाती घेऊन उभ्याने जेवणे सत्तरीकडे झुकलेल्यांस जड जाते, म्हणून वाढप आपणच आळीपाळीने करावे असे ठरविले.

निमंत्रण द्यावयास आम्ही त्या मित्राच्या घरी गेलो. "त्या वेळची मांडणी माझी होती," एवढेच सांगता आले. तो म्हणाला, "अरे, खुर्चीचे काय एवढे मनावर घेतोस?" येतो असे मात्र म्हणाला नाही.

संमेलनाच्या दिवशी पहिला तास त्याची जागा रिकामीच होती. आमचे लक्ष सारखे दाराकडे लागलेले. अखेर तो आला. चिठ्ठीने त्याच्या शेजारी दहावीच्या वर्गातील एक सर्जन व एक निवृत्त शिक्षिका आल्या होत्या. आपल्या दोन्ही वर्गांस सामायिक असलेल्या गणिताच्या मास्तरांची त्याने अशी हुबेहूब नक्कल केली की, शेजारच्या टेबलांवरील मंडळी खुर्च्या ओढून तेथे जमली. आमच्या आखणीचा पार बोजवारा उडाला! पुढे श्रीखंडाचे पातेले त्यानेच उचलले आणि सहाही टेबलांवर आग्रह करीत हिंडला.

घरी परतल्यावर मातुःश्रींनी एकच विचारले, "तो जेवला ना?"

"जेवला," आम्ही म्हणालो, "पण सर्वांच्या शेवटी. वाढणारांच्या पंगतीत, आमच्या शेजारी."