परहेज

नवापूरचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे. १९६० साली गुजरात राज्य झालं, तेव्हापासून तिकडे दारूबंदी. इकडे मात्र बंदी नाही, आणि वर सातपुड्यात मोहाची दारू देवाधर्मात, लग्नकार्यात सांडत आलेली. आमच्या मोहल्ल्याला वाटतं, हे सगळं दुसऱ्यांचं. आमच्यात दारू हराम. म्हणून आमच्यात कुणी पीतच नाही, असं आम्ही खात्रीनं सांगतो.

माझा खालाजाद भाऊ धुळे-सुरत रस्त्यावर ट्रक चालवायचा. त्याला एचआयव्ही निघाला. सरकारनं ही औषधं २००४ पासून मोफत केली, त्यामुळे तो जगला. नुसता जगला नाही, हिंडता-फिरता राहिला. पुढे औषधं बदलत गेली, टेनोफोव्हिरची गोळी सुरू झाली. सगळं ठीक चाललेलं असताना पन्नाशीच्या आत ओट्यावरून उतरताना पाय घसरला आणि मांडीचं हाड खुब्याजवळ मोडलं. एवढ्याशा पडण्यानं तरण्या माणसाचं हाड मोडतं कसं?

डॉक्टरांनी विचारलं, "दारू घेता?" पलंगाभोवती आम्ही सगळे उभे. तो म्हणाला, "तौबा, तौबा!" डॉक्टर शहाणे होते. त्यांनी आम्हांला बाहेर पाठवलं आणि पुन्हा तेच विचारलं. मग कळलं, गेली कित्येक वर्षं रात्रीची बाटली सुटली नव्हती. शिवाय प्यालेल्या दिवशी तो गोळी टाळायचा. नशा आणि दवा पोटात एकत्र गेली तर विष होतं, असं कुणीतरी त्याला सांगितलेलं.

घरात लगेच निकाल लागला, "अल्लाहनं सजा दिली." मला हे पटलं नाही. हाड काही गुनाह मोजत बसत नाही. या विषाणूमुळे शरीरात सतत दाह राहतो, त्यानं हाडं झिजतात. औषध सुरू झाल्यावर पहिल्या एक-दोन वर्षांत हाडांची घनता दोन ते सहा टक्क्यांनी उतरते. टेनोफोव्हिरच्या जुन्या प्रकारानं थोडी जास्तच. तरी औषध सोडायचं नसतं, कारण त्याच्याशिवाय जीवच राहत नाही. दारू मात्र यात निष्कारण भर घालते. हाड बांधणाऱ्या पेशींना ती दाबते, यकृत बिघडवते, जेवण तोडते, तोल घालवते. कधी खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठाच थांबतो आणि हाड आतून मरतं. सिकलसेलमध्येही असंच होतं, आणि आमच्या नंदुरबार जिल्ह्याला तो आजार काही नवा नाही.

डॉक्टरांनी त्याला तीन गोष्टी सांगितल्या. दारू सोडायची, पण रोज पिणाऱ्यानं एका झटक्यात नव्हे, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. एकदम थांबवली तर झटके येऊ शकतात. पाय घसरला, प्यालास, तरी त्या दिवशीची गोळी चुकवायची नाही. आणि कॅल्शियमची गोळी डोल्युटेग्रॅव्हिरबरोबर उपाशीपोटी घ्यायची नाही. घ्यायच्याच असतील तर दोन्ही जेवणाबरोबर, नाहीतर एचआयव्हीची गोळी कॅल्शियमच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर. तंबाखूही सोडायला लावली. सकाळचं ऊन घ्यायला सांगितलं. भाभीलाही तेच सांगितलं, कारण आमच्या बायकांच्या अंगाला ऊन लागतंच कुठे?

आमच्या अम्मी-अब्बांच्या पिढीत आजारी माणसाला पहिला प्रश्न असायचा, "परहेज काय सांगितलंय?" त्या शब्दात काळजी होती. 'हराम' म्हटलं की आमच्यात बोलणंच संपतं. माणूस लपून पितो, लपून झिजतो. हुकूम आपल्या जागी आहे, तो कुणी बदलायला सांगत नाही. २०१७ साली या रुग्णांशी भेदभाव करू नये असा कायदा झाला. पण मोहल्ल्याच्या ओट्यावर कायदा बसायला येत नाही, तिथे आपणच बसलेले असतो. तिथे कुणी खरं बोललं, तर तौबा करायला त्याला अल्लाह आहे. आपण त्याला फक्त दवाखान्यात न्यायचं आहे.