कोकमाची लाली आणि डिंक

कोकमाचा लाल रंग दिसतो तितका पक्का नाही. ग्लासभर सरबतात चिमूटभर खायचा सोडा टाकून बघा: लाली आधी जांभळट होते, मग मळकट निळसर. सोलकढीत नारळाचं दूध सढळ हाताने ओतलं की रंग फिका जांभळा पडतो, तोही बराचसा आंबटपणा उतरल्यानेच. ही लाली अँथोसायनिन या रंगद्रव्याची. कोकमाच्या ज्या अँटिऑक्सिडंट गुणाचं हल्ली कौतुक चालतं, त्यात हिचा वाटा मोठा. आंबटपणा उतरला, ऊन-उजेड किंवा हवा लागली, की रंग विटतो आणि गुणही उतरतो. वर गंमत अशी, की पौष्टिक म्हणून व्हिटॅमिन सी मिसळावं तर रंग आणखी लवकर जातो.

माझं काम या रसाची पावडर करण्याचं. नुसता रस सुकवायला घेतला तर हाती चिकटाच येतो. आम्ल आणि साखर ड्रायरच्या भिंतीला धरून बसतात. तिथे डिंक लागतो. रात्री भिजत घालायचा, सकाळी मलमलच्या फडक्यातून गाळायचा, फेस बसला की मगच रसात सोडायचा. स्प्रे ड्रायरमध्ये शिरणारी हवा १५०-१६० अंशांची. ऐकणाऱ्याला वाटतं, रंग जळलाच. पण थेंबातलं पाणी उडताना थेंबाला गार ठेवतं, आणि तेवढ्यात डिंकाचं कवच भोवती आवळलं जातं.

डिंकाऐवजी पेक्टिन वापरा, असा सल्ला वारंवार मिळतो. पेक्टिनवर ऋण भार, रंगाच्या रेणूवर धन भार, म्हणून दोघांची गाठ पक्की. सौम्य आंबट फळांत हे चालतं. कोकमाचा रस मात्र इतका आंबट, की पेक्टिनवरचा बहुतेक भार उरतच नाही. गाठ सैल राहते. म्हणून माझी भिस्त डिंकाच्या कवचावर.

आता डिंक घालायचा किती? भरपूर घातला तर पावडर सुटसुटीत राहते, पावसाळी हवेतही चटकन ओलावा धरत नाही. पण रंग फिकट होतो, जिभेला आंबट कमी आणि बुळबुळीत जास्त लागतं. मग काहीजण वरून बाटलीतला लाल रंग घालतात. तेवढ्यासाठी कोकम कशाला हवं? मी डिंक बेताचाच ठेवतो आणि पावडर उजेड-हवा न शिरणाऱ्या फॉइलच्या पाकिटात भरतो. जुलैत फोडलेल्या पाकिटात गुठळ्या झाल्या की गिऱ्हाईक कुरकुरतं. गुठळी पाण्यात विरघळते, घट्ट झाकणाच्या बरणीत काढून ठेवा, एवढंच मी सांगतो. डिंक वाढवत नाही.