आठवणीची नस्ती

शासकीय नस्तीचा एक गुण वाखाणण्यासारखा आहे. ती कितीही वेळा उघडली तरी मागील पानावरील टिपणी बदलत नाही. नवे मत नव्या पानावर, तारखेनिशी लिहावे लागते. मनुष्याची स्मृतीही अशीच असते असे आपण गृहीत धरतो. विज्ञान मात्र निराळे सांगते.

२००० साली करीम नादेर, ग्लेन शॅफे व जोसेफ लेडू यांनी उंदरांवरील एक प्रयोग प्रसिद्ध केला. विशिष्ट ध्वनीबरोबर विजेचा झटका बसतो, हे उंदरांच्या मनात ठसवले होते. पुढे तो ध्वनी पुन्हा ऐकवून लगेच मेंदूतील अमिग्डाला या भागात प्रथिननिर्मिती रोखणारे औषध टोचले, तेव्हा ती भीती बरीचशी ओसरली. ध्वनी न ऐकवता तेच औषध दिले असता फरक पडला नाही. अर्थात, जागी झालेली आठवण काही काळ मऊ होते व तिला पुन्हा घट्ट व्हावे लागते.

मानवी स्मृतीस हे कितपत लागू पडते याबद्दल मतभेद आहेत. परंतु प्रश्नातील शब्दही आठवणीत शिरतात, हे १९७४ सालीच एलिझाबेथ लॉफ्टस व जॉन पामर यांनी दाखवले होते. अपघाताची चित्रफीत पाहिलेल्यांना गाड्यांचा वेग विचारताना काहींसाठी सौम्य, तर काहींसाठी जोरदार क्रियापद वापरले. आठवड्यानंतर विचारले, ‘फुटलेली काच दिसली का?’ चित्रफितीत तशी काच नव्हतीच. तरी जोरदार शब्द ऐकलेल्या ५० पैकी १६ जण ‘हो’ म्हणाले. सौम्य शब्दाच्या गटात ५० पैकी ७.

परप्रांतात चौकशी अधिकारी म्हणून काम करताना याचा प्रत्यय मला आला. भांडारातून माल नाहीसा झाला होता. चौकीदाराच्या पहिल्या जबानीत ‘अंधारात कोणीतरी कुलूप उघडत होते’ एवढेच होते. प्राथमिक चौकशीत तो ‘बहुधा’ एक कारकून झाला. अडीच वर्षांनी माझ्यासमोर ‘बहुधा’ गळाले आणि सदऱ्याचा रंगही आला. चौकीदार खोटे बोलत होता असे मला क्षणभरही वाटले नाही. मधल्या काळात चार अधिकाऱ्यांनी त्याला तोच प्रसंग विचारला होता, आणि प्रत्येकाच्या प्रश्नात त्या कारकुनाचे नाव होते. समोर बसलेल्या त्या कारकुनाची नोकरी आणि निवृत्तिवेतन या जबानीवर अवलंबून होते. मी पहिली जबानी ग्राह्य मानली. अन्य पुरावा नव्हता. आरोप सिद्ध झाला नाही.

आपल्या कायद्याने हे फार पूर्वी ओळखले होते. भारतीय पुरावा अधिनियम, १८७२ च्या कलम १५९ नुसार साक्षीदारास स्मृती ताजी करण्यासाठी कागद पाहता येई. पण तो घटनेच्या वेळी किंवा ती स्मरणात ताजी असताना लिहिलेला असावा लागे. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ आला, तरी हे तत्त्व टिकून आहे. विभागीय चौकशीस तो कायदा काटेकोरपणे लागू नाही. त्यामागील शहाणपण मात्र लागू आहे.

म्हणून तरुण सहकाऱ्यांना माझे एवढेच सांगणे असते: जबानी शक्यतो त्याच दिवशी, साक्षीदाराच्याच भाषेत आणि कोणाचेही नाव न सुचवता घ्यावी. ‘काय पाहिले?’ हा प्रश्न पुरेसा असतो. साक्षीदाराचा आत्मविश्वास वर्षागणिक वाढत असेल, तर तेवढ्याने समाधान न मानता मधल्या काळात त्याला कोणी काय विचारले, हे आधी पाहावे.