आजी, बेंगळुरू आणि कोरियन सिनेमा

गेल्या डिसेंबरात माझी आजी मिरजेहून राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने बेंगळुरूला आली. आठ दिवसांसाठी. पिशवीत भडंग, शेंगदाण्याची चटणी आणि तिनं स्वतः शिवलेली वाकळ. मी तर खूप खूश होते! पण माझं काम सकाळी नऊला लॅपटॉपवर सुरू होतं ते संध्याकाळी सातलाच संपतं. आजीचं कन्नड भाजीवालीशी बोलण्यापुरतं. बाकी वेळ ती बनशंकरीच्या आमच्या छोट्या फ्लॅटच्या खिडकीत बसून रस्ता बघायची. तिसऱ्या दिवशी ती हळूच म्हणाली, "लवकरचं तिकीट मिळतंय का बघ बाळ. उगं तुझा खोळंबा."

मला इतकं वाईट वाटलं! आणि त्यातून मार्ग काढला एका कोरियन सिनेमानं. हसू नका, खरंच सांगते.

मणिपूरमार्गे आलेला कोरिया

कोरियन सिनेमाची ओळख मला माझ्या रूममेटनं करून दिली. ती मणिपूरची. तिथं २००० साली एका बंडखोर संघटनेनं हिंदी सिनेमांवर बंदी घातली. थिएटरमधून हिंदी सिनेमा गेला आणि ती जागा हळूहळू कोरियन सीडींनी आणि मालिकांनी भरून काढली. ती म्हणते, "तुम्ही शाहरुखवर वाढलात, आम्ही कोरियावर." बेंगळुरूत ईशान्य भारतातली खूप मुलं-मुली शिकायला आणि नोकरीला येतात. घरची आठवण आली की त्यांच्यातले कितीतरी जण हेच सिनेमे लावतात.

भुताटकी, राक्षस आणि बेळ्ळंदूरचं तळं

तिनं मला पहिला दाखवला 'ट्रेन टू बुसान' (२०१६). झॉम्बींचा सिनेमा म्हणून मी उशी घट्ट धरून बसले होते. पण मुळात गोष्ट आहे कामात बुडालेल्या बापाची आणि त्याच्या लहान मुलीची. वाढदिवसाला तिला आईकडे बुसानला जायचंय, म्हणून दोघं सोलहून ट्रेन पकडतात. भीती वाटतेच, पण शेवटी डोळे पुसावे लागतात.

मग 'द होस्ट' (२००६). नदीकाठी खाण्याची टपरी चालवणारं एक साधं कुटुंब आणि नदीतून वर आलेला राक्षस. नदीत रसायन ओतल्यामुळे तो तयार झालेला असतो. सोलमधल्या अमेरिकन लष्करी तळावरून २००० साली खरंच रसायन गटारात सोडलं गेलं होतं, त्यावरून दिग्दर्शक बोंग जून-हो यांना ही कल्पना सुचली. बेंगळुरूकरांना हे परकं वाटणार नाही. आमचं बेळ्ळंदूर तळं सांडपाण्यानं इतकं फेसाळायचं की फेस रस्त्यावर उडायचा, आणि २०१७ व २०१८ मध्ये त्या तळ्याला चक्क आग लागली होती!

पाऊस सगळ्यांचा, पण सारखा नाही

बोंग यांचाच 'पॅरासाइट' (२०१९) तुम्ही ऐकला असेलच. २०२० मध्ये त्याला चार ऑस्कर मिळाले. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा ऑस्कर इंग्रजी नसलेल्या सिनेमाला मिळण्याची ती पहिलीच वेळ. त्यात मुसळधार पाऊस येतो. श्रीमंत घराला त्यात गंमत वाटते आणि तळघरात राहणाऱ्या कुटुंबाचा संसार वाहून जातो. सप्टेंबर २०२२ मध्ये मी बेंगळुरूत नवी होते, तेव्हा इथंही पूर आला. बंगल्यांमधल्या लोकांना बोटींनी आणि ट्रॅक्टरनी बाहेर काढल्याचे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिले. झोपड्यांमधलं पाणीही तेवढंच होतं, त्याचे व्हिडिओ मात्र फारसे फिरले नाहीत. मला 'पॅरासाइट' तेव्हा नीट समजला.

आपल्याकडे आलेले कोरियन

गंमत म्हणजे आपण कोरियन गोष्टी कधीच्या बघतोय, फक्त आपल्याला ठाऊक नसतं. 'मिरॅकल इन सेल नंबर ७' (२०१३) ही बौद्धिकदृष्ट्या लहान राहिलेल्या बापाची आणि त्याच्या चिमुरडीची तुरुंगातली गोष्ट. त्यावरून २०१७ मध्ये कन्नडमध्ये रमेश अरविंद यांचा 'पुष्पक विमान' आला. सलमान खानचा 'भारत' हा 'ओड टू माय फादर'चा रिमेक. आणि 'डोंबिवली फास्ट'च्या निशिकांत कामत यांनी 'द मॅन फ्रॉम नोव्हेअर'वरून हिंदीत 'रॉकी हँडसम' केला होता.

आजी आणि ती आजी

पण आजीला यातलं काय दाखवायचं? इंग्रजी सबटायटल तिला वाचता येत नाहीत. तेव्हा रूममेटनं सुचवला 'द वे होम' (२००२). यातली आजी मुकी आहे, त्यामुळे बोलणं अगदी कमी. सोलमध्ये वाढलेल्या नातवाला आई खेड्यातल्या आजीकडे सोडून जाते. तो व्हिडिओ गेममध्ये गुंग, आजीवर चिडणारा. त्याला फ्राइड चिकन हवं असतं. आजी पावसात भिजत कोंबडी घेऊन येते आणि उकडून वाढते, तर हा रडून गोंधळ घालतो. ही भूमिका करणाऱ्या किम उल-बून खेड्यातल्याच. त्यांनी त्याआधी कधी अभिनय केला नव्हता.

मी आजीला अधूनमधून अर्थ सांगत होते. थोड्या वेळानं ती म्हणाली, "गप बस, कळतंय मला." मुलगा आजीवर ओरडला तेव्हा मला वाटलं, आता ती त्याला शिव्या घालणार. ती एवढंच म्हणाली, "पोरगं वाईट नाही गं. एकटं पडलंय."

माझी मान खाली गेली. तीन दिवस मी तिला जेवण ऑर्डर करून देत होते आणि माझ्या स्क्रीनकडे बघत होते. दुसऱ्या दिवशी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. आम्ही मेट्रोनं लालबागला गेलो, झाडं बघितली, शेंगा खाल्ल्या. लवकरच्या तिकिटाचा विषय पुन्हा निघाला नाही.

सिनेमात निघायच्या आदल्या रात्री तो नातू आजीला सुया ओवून ठेवतो, कारण तिला दिसत नाही. परत जाण्याच्या दिवशी माझ्या आजीनं सुयांची डबी पुढं केली. "त्या पोरानं दिल्या, तू पण दे की." मी दहा सुया ओवून दिल्या. आता फोनवर ती सांगते, किती उरल्यात ते. परवा म्हणाली, "दोनच राहिल्यात. कधी येतेस?"

तुम्हीही बघा

घरातल्या सगळ्यांनी मिळून बघायला 'द वे होम' किंवा 'लिटल फॉरेस्ट' (२०१८) छान. शहराला कंटाळून गावी परतलेल्या मुलीची ही स्वयंपाकघरातली गोष्ट आहे. 'ट्रेन टू बुसान' आणि 'पॅरासाइट' मात्र मुलं झोपल्यावरच. बेंगळुरूत असाल, तर बनशंकरीतली १९७१ पासूनची सुचित्रा फिल्म सोसायटी आणि दरवर्षीचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव यांवर लक्ष ठेवा. आणि शक्य असेल, तर शेजारी आजी-आजोबांना बसवा. सबटायटल नाही वाचता आले तरी चालतं!