नाझा मार्केटात 'पहले आप'

लखनौला मावशीकडे गेलो की दोन गोष्टी ठरलेल्या असतात. एका संध्याकाळी काकांबरोबर हजरतगंजात भटकायचं (इथले लोक त्याला 'गंजिंग' म्हणतात) आणि दुसऱ्या दिवशी चौकात जाऊन चिकनचे कुडते घ्यायचे. यंदा कुडते राहूनच गेले. भाच्याला ग्राफिक्स कार्ड घ्यायचं होतं.

हा भाचा म्हणजे मावशीच्या मुलीचा मुलगा. आजी-आजोबांकडे राहून इथल्या कॉलेजात शिकतो. दोन वर्षं नववी-दहावीच्या मुलांच्या गणिताच्या शिकवण्या करून त्याने ५५ हजार रुपये साठवले होते. त्यातले जवळजवळ सगळे एकाच कार्डावर घालायचे, असा त्याचा बेत. मावशीने दोन दिवस त्याच्याशी धड बोलणं टाकलं होतं. "घाम गाळून मिळवलेले पैसे खेळात घालवायचे? नवाबांचं राज्य गेलं तरी पटावरून न उठणारे इथलेच ना!" हा टोला प्रेमचंदांच्या 'शतरंज के खिलाडी' या कथेचा. १८५६ साली इंग्रजांनी अवध गिळंकृत केलं, तेव्हा बुद्धिबळात बुडालेल्या दोन रईसांची ती गोष्ट. सत्यजित राय यांनी १९७७ साली तिच्यावर चित्रपट काढला, तो मावशीने अनेकदा पाहिला आहे.

काका रेल्वेच्या मानकनगरच्या संशोधन संस्थेतून, म्हणजे आरडीएसओतून, निवृत्त झालेले. त्यांनी ना हो म्हटलं, ना नाही. "ते कार्ड करतं काय, ते आधी मला समजावून सांग," एवढंच म्हणाले.

आलमबागहून मेट्रोत बसलो आणि भाच्याचा वर्ग सुरू झाला. पडद्यावरचं चित्र म्हणजे लाखो ठिपके. सिनेमात ते चित्र आधीच तयार असतं. खेळात तसं नसतं. खेळणारा जिकडे वळेल तिकडचं दृश्य त्याच क्षणी रंगवावं लागतं, तेही सेकंदाला पन्नास, शंभर, दीडशे वेळा. हे रंगकाम करणारा स्वतंत्र कारखाना म्हणजे ग्राफिक्स कार्ड. एनव्हिडियाने १९९९ साली जीफोर्स २५६ आणलं, तेव्हापासून 'जीपीयू' हा शब्द तोंडी बसला. "आणि आजी ज्याला खेळणं म्हणते ना मामा, त्याच जातीच्या चिपवर आज कृत्रिम बुद्धिमत्तेचा सगळा डोलारा उभा आहे," त्याने मला पुस्ती जोडली. हे आजीला सांगण्याची हिंमत मात्र दोघांतही नव्हती.

तेवढ्यात चारबाग आलं. वरून पाहिलं तर हे स्टेशन बुद्धिबळाच्या मांडलेल्या पटासारखं दिसतं, असं लखनौकर अभिमानाने सांगतात. ते घुमट आणि त्या छत्र्या पाहिल्या की पटतं. काकांनी नातवाला ते नुसतं बोटाने दाखवलं. पुढे गाडी जमिनीखाली शिरली.

हजरतगंजला उतरून लालबागेत चालत गेलो. आधी शर्माजींच्या टपरीवर कुल्हडमधला चहा, बन-मक्खन आणि गोल समोसा. हे चुकवून लालबागेत कुठलंही काम करू नये, असं माझं मत आहे. पलीकडच्या कैसरबागेकडे पाहत काका म्हणाले, "तुझी मावशी लग्नानंतर तिथे गाणं शिकायला जायची, ठाऊक आहे?" आपल्या विष्णु नारायण भातखंडे यांच्या पुढाकाराने १९२६ साली इथे मॅरिस कॉलेज निघालं, आज ते भातखंडे यांच्याच नावाचं विद्यापीठ आहे. "तानपुरा घेतला तेव्हा माझा दोन महिन्यांचा पगार गेला. माझ्या वडिलांनी तेव्हा अबोला धरला होता." मग ते नातवाला म्हणाले, "चल, बघू तुझा तानपुरा."

नाझा मार्केट म्हणजे लखनौची कॉम्प्युटरची पेठ. दाटीवाटीची दुकानं, काचेत रचलेले कार्डांचे खोके, आणि भावाची घासाघीससुद्धा 'हुजूर', 'जनाब' म्हणत. भाच्याने कागदावर लिहून आणलं होतं : आरटीएक्स ५०६० टीआय, १६ जीबी. पहिल्या दुकानात त्याहून मोठं आमिष पुढे आलं. आरटीएक्स ३०८०, वापरलेलं, निम्म्याहून कमी किमतीत. बिल नाही. भाचा क्षणभर विरघळला. काकांनी कार्ड उलटंपालटं करून पंख्यातली धूळ पाहिली आणि विचारलं, "हे कुठे चाललं आहे आजवर?" उत्तर आलं नाही. अशी बरीच कार्डं आभासी चलन काढण्यासाठी रात्रंदिवस राबवलेली असतात. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमने ती पद्धतच बंद केली आणि हा माल जुन्या बाजारात उतरला. शिवाय ते कार्ड एकटं ३२० वॉट खातं. काका वॉटचा आकडा ऐकूनच बाहेर पडले.

दुसऱ्या दुकानातले गृहस्थ वयस्कर होते. भाच्याने कागद पुढे केला. त्यांनी तो न वाचताच विचारलं, "पहले आप ये बताइए, मॉनिटर कौन-सा है?"

भाचा गडबडला. मॉनिटर घरातला जुनाच, १३६६ बाय ७६८ ठिपक्यांचा, सेकंदाला ६० चित्रं दाखवणारा. गृहस्थ हसले. मी मनात म्हटलं, हा तर शालू घेऊन अंधाऱ्या माजघरात नेसण्याचा प्रकार! कार्डाने सेकंदाला दोनशे चित्रं रंगवली तरी पडदा साठच दाखवणार.

काकांना आता रंग चढला. खिशातल्या लग्नपत्रिकेच्या पाकिटावर त्यांनी गुणाकार मांडला. जुना पडदा साडेदहा लाख ठिपक्यांचा. १९२० बाय १०८०, म्हणजे फुल एचडी, पावणेएकवीस लाख. २५६० बाय १४४० घेतला तर जवळजवळ ३७ लाख. आणि फोर-के ८३ लाख! "म्हणजे पडदा ठरला की कार्डावरचा बोजा ठरला. आधी पूल मोजायचा, मग इंजिन निवडायचं."

मग खरी चर्चा झाली. भाचा मित्रांबरोबर मुख्यतः वॅलोरंट खेळतो. त्यात देखाव्यापेक्षा चपळाई महत्त्वाची. तेव्हा ठिपके वाढवण्यापेक्षा सेकंदाची चित्रं वाढवणं शहाणपणाचं. फुल एचडी, १८० हर्ट्झ, २४ इंच असं ठरलं. याच ठिपक्यांत २७ इंच घेतला तर ते मोठे होऊन चित्र भरड दिसतं. कार्ड आणि पडद्याची लय जुळवणारी सोय, जिला फ्रीसिंक किंवा जी-सिंक म्हणतात, ती हवीच. पॅनेल आयपीएस, कारण बाजूने पाहिलं तरी रंग बदलत नाहीत. हा आग्रह काकांचा होता, त्याचं कारण मला नंतर कळलं.

आता १६ जीबीच्या टीआयची गरज उरली नाही. ८ जीबीचं साधं आरटीएक्स ५०६० पुरे झालं. पुढे कधी मोठा पडदा घेतला तर ८ जीबी कमी पडेल, हे गृहस्थांनी स्वतःहून सांगितलं. कार्ड १४५ वॉटचं, कंपनी ५५० वॉटचा एसएमपीएस सुचवते. भाच्याच्या डब्यातला बिननावाचा ४५० चा. तोही बदलला. कार्ड सुमारे ३० हजार, मॉनिटर ११, एसएमपीएस साडेचार. साडेनऊ हजार शिल्लक! मॉनिटर दुकानातच लावून पांढरा, काळा, लाल पडदा करून मेलेला ठिपका नाही ना, ते पाहिलं. पक्कं बिल आणि तीन वर्षांची हमी घेतली.

रात्री घरी सगळं जोडलं. खेळ सुरू झाला आणि भाच्याचा चेहरा उतरला. चित्र मोठं दिसत होतं, पण अडखळत होतं. आधीपेक्षा काही वेगळं नव्हतं. मावशी दारात उभी होती, पण बोलली नाही. काकांनी बॅटरी घेतली, टेबलामागे वाकले आणि पाहिलं, तर मॉनिटरची केबल कार्डाऐवजी मदरबोर्डात खोचलेली! ती काढून कार्डात लावली. विंडोजच्या सेटिंगमध्ये ६० चे १८० केले. भाच्याने माउस फिरवला आणि तो नुसता "आजोबा!" एवढंच म्हणाला.

मावशी दोन मिनिटं पाहत राहिली. "पाणी खरंच वाहतंय की रे," म्हणाली आणि भात लावायला निघून गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी भाचा कॉलेजात होता. काका नव्या पडद्यासमोर तिरके, आरामखुर्चीत बसून बुद्धिबळ खेळत होते. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर जुन्या पडद्यावर काळ्या सोंगट्या त्यांना नीट दिसत नसत. दुपारी दोन ते चार मॉनिटर त्यांचा, हे आजोबा-नातवांत लालबागेतच ठरलं होतं म्हणे.